मुलांचा वाफा आणि प्रदर्शनातलं बक्षीस

आम्ही सानपाड्याच्या बचत गटातल्या बायका आज बोलणार आहोत शाळेतल्या पोरांनी लावलेल्या भाजीबद्दल, आणि शेतीच्या, फुलाफळांच्या प्रदर्शनात त्या भाजीचं जे कौतुक होतं त्याबद्दल. विषय छोटा वाटेल. मुळ्याची एक जुडी, चार वांगी, रंगाच्या रिकाम्या डब्यात वाढवलेलं टोमॅटोचं झाड आणि पुढे पुठ्ठ्यावर लिहिलेलं मुलाचं नाव, एवढंच तर असतं त्या टेबलावर. पण त्या पुठ्ठ्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा आपल्याच मातीतला आहे. पुष्कळ जणींना वाटतं, शाळेतली परसबाग म्हणजे सरकारने परवा-परवा काढलेलं परिपत्रक. परिपत्रक नवं असेल, गोष्ट जुनी आहे.

१८८२ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या शिक्षणाची पाहणी करायला एक आयोग नेमला. विल्यम हंटर त्याचे अध्यक्ष, म्हणून त्याला हंटर आयोग म्हणतात. त्या आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं एक निवेदन दिलं. आपण जोतीरावांना ओळखतो ते सावित्रीबाईंना शिकवून त्यांच्याबरोबर मुलींची शाळा काढणारे म्हणून. या निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख सांगितली ती व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद अशी. शेतकरी हा शब्द शोभेचा नव्हता, पुण्याजवळ मांजरीला त्यांची शेती होती.

निवेदनातला मुख्य मुद्दा आपल्या गटाच्या हिशेबासारखा सरळ आहे. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्यांच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर. हे उलटं करा, असं ते सांगत होते. बारा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मुलींच्या शिक्षणाकडे जास्त उदारपणे बघा. मग शाळेत काय शिकवावं त्याची यादी दिली आहे. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, नीतीचे आणि आरोग्याचे चार धडे, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. एवढ्यावर ते थांबले नाहीत. शाळेला जोडून लहान लहान नमुना-शेतं असावीत, तिथे मुलांना प्रत्यक्ष करून शिकता यावं, आणि अशी शेतं नीट चालवली तर देशाचं मोठं भलं होईल, असं त्यांनी त्या निवेदनात मांडलं.

म्हणजे आज आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेमागे जो पालकाचा वाफा दिसतो, त्याची मागणी जोतीरावांनी १८८२ मध्ये लेखी करून ठेवली होती.

त्याच निवेदनात मास्तर कसा असावा तेही आहे, आणि आम्हाला तो भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. प्राथमिक शाळेचे मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. गावच्या लोकांत मोकळेपणाने मिसळणारे, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला न लाजणारे. बघा, मुलांच्या हाताला माती लागण्याआधी जोतीरावांनी मास्तरांच्या हाताची चौकशी केली. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातला काही भाग त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यापर्यंत पुस्तक कानाने पोचवायचं, म्हणजे एका अर्थी आपल्या रेडिओचंच काम. या पुस्तकाच्या शेवटी त्यांनी सरकारला बऱ्याच सूचना केल्या आहेत. पाणी अडवा, ताली-बंधारे घाला, जनावरांची पैदास सुधारा, आणि प्रदर्शनं भरवा. श्रावणात जनावरांची प्रदर्शनं, आश्विनात उभ्या पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा, आणि उत्तम शेतकऱ्याला बक्षीस. शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलांनी शेती चांगली करून दाखवली तर त्यांना परदेशातल्या शेतकीच्या शाळा दाखवून आणा, असंही आहे.

परीक्षा आणि बक्षीस हे दोन शब्द त्या काळी शाळेचे होते, पाटी-पेन्सिलीचे. औत हाकणाऱ्याची परीक्षा कोण घेणार आणि त्याला बक्षीस कशाचं? ते तर त्याचं पोटाचं काम. जोतीरावांनी शाळेचा मान उचलून शेतात नेला, आणि शेत उचलून शाळेत आणलं. मुलांनी पिकवलेल्या भाजीचं प्रदर्शनात कौतुक करणं म्हणजे ही दोन्ही कामं एकाच टेबलावर करणं आहे.

आता कुणी म्हणेल, बागांची प्रदर्शनं तर इंग्रजांनी आणली. खरं आहे. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली सुरू झाली, आणि पहिली काही वर्षं पश्चिम हिंदुस्थानच्या शेती-बागायती मंडळीची सोसायटी तिची व्यवस्था बघत होती. हीच सोसायटी पुढे पुण्याची एम्प्रेस गार्डन सांभाळू लागली, आणि तिथे जानेवारीच्या शेवटाला पुष्पप्रदर्शन भरतं ते आजही लोक लांबून बघायला जातात. शाळेच्या मुलांची चित्रकलेची स्पर्धाही तिथे मोठी होते. आम्हाला या प्रदर्शनांबद्दल आदर आहे. गुलाबाचं एवढं टवटवीत फूल आणणं काही सोपं नाही. पण अशा ठिकाणी पुष्कळदा बाग एकाची आणि हात दुसऱ्याचे असतात. बंगल्याच्या मालकाच्या नावावर पहिला नंबर येतो, आणि ज्या माळीदादाने थंडीत पहाटे उठून कुंड्या फिरवल्या तो मांडवाच्या बाहेर सायकल धरून उभा असतो. जोतीरावांच्या मनातलं प्रदर्शन असं नव्हतं. त्यात ज्याचा घाम त्याचंच नाव होतं.

मुलांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो, आणि आमचा खरा मुद्दा तोच आहे.

आमच्या गटाच्या बैठकीत शाळेच्या बागेचा विषय निघाला तेव्हा दोन गोष्टी झाल्या. एक आजी म्हणाल्या, “आमच्या वेळी गृहपाठ केला नाही की मास्तर खड्डे खणायला लावायचे. बाग म्हणजे शिक्षा.” आणि एक ताई, जिचे यजमान मार्केटमध्ये माथाडी आहेत, ती जरा रागानेच बोलली, “आम्ही पाठीवर गोण्या घेतो ते काय पोरानं शाळेत जाऊन माती उकरावी म्हणून? साहेबाच्या शाळेत लावतात का मुलांना खुरपं धरायला?” बैठक थोडा वेळ गप्प झाली. तिचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या मातीच होती, त्यांना शाळा हवी असते ती मातीतून वर येण्यासाठी. तिथेही माती दिली तर आई विचारणारच.

या प्रश्नाला आपल्याकडे एका माणसाने कामातून उत्तर दिलंय, म्हणून आता साताऱ्याला जाऊ. आमच्या गटातल्या निम्म्या जणींची माहेरं तिकडचीच. वाशीच्या बाजारात काम करणारी कितीतरी माथाडी कुटुंबं साताऱ्याच्या डोंगरपट्ट्यातून आली.

भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. खेड्यातल्या गरिबांची मुलं, जाती वेगवेगळ्या, पण स्वयंपाक एक आणि पंगत एक. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं गेलं. पुढे हे वसतिगृह धनिणीच्या बागेत होतं. मुलं शिकायची, रांधायची, झाडायची, आणि शेतातही राबायची. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचं ब्रीद आणि वडाचं झाड ही तिची खूण. कमवा आणि शिका हे शब्द आज कॉलेजच्या सूचनाफलकावर सहज दिसतात. त्यांच्यामागे ही साताऱ्याची पोरं आहेत, ज्यांनी फीऐवजी घाम भरला.

इथे लक्ष्मीबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भाऊरावांच्या पत्नी. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. मुलं पिकवून खातील तेव्हा खातील, पीक हाती येईपर्यंतची भाकरी कुठून आणायची, हा हिशेब बाईच्याच डोक्यात येतो. रयतेचा वड वाढला म्हणतात, तेव्हा त्याच्या बुंध्याशी हे सोनं पुरलेलं आहे हे आपण बायकांनी तरी विसरू नये. लक्ष्मीबाई १९३० मध्येच गेल्या, पुढचा मोठा पसारा त्यांनी पाहिला नाही. आज वाशीतल्या कॉलेजलाही कर्मवीरांचं नाव आहे आणि आमच्या कितीतरी मुली तिथे शिकतात.

तर त्या ताईच्या प्रश्नाचं उत्तर साताऱ्यात असं मिळतं. तिथे कुदळ एकाच जातीच्या हातात नव्हती. काम ज्याला-त्याला होतं, आणि कामाच्या शेवटी पुस्तक होतंच. मुलाला मातीत ठेवण्यासाठी ती माती नव्हती, शाळेत टिकवण्यासाठी होती. ज्या शाळेत बागकाम फक्त मागे बसणाऱ्यांना, किंवा पाणी घालणं मुलींना आणि बक्षीस घ्यायला स्टेजवर जाणं मुलांना, तिथे ताईचा राग शंभर टक्के खरा.

याच सुमाराला वर्ध्याला आणखी एक प्रयोग सुरू झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला तिथे शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीम नावाची शिक्षणपद्धत आकाराला आली. हाताच्या उद्योगाभोवती सगळे विषय गुंफायचे, त्याला मराठीत समवाय म्हणतात. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ती वर्षानुवर्षं चालवली. सूतकताईबरोबर शेती आणि बागकाम हेही मूलोद्योग मानले गेले. वाफा किती लांब, किती रुंद, दोन रोपांत किती अंतर, मग रोपं किती लागतील, हे गणित झालं. पाऊस कधी पडला हा भूगोल. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा ही कल्पना मात्र तेव्हाही सगळ्यांना पटली नव्हती. परिषदेतच प्राध्यापक के. टी. शहा यांनी तिला विरोध केला होता. आम्हालाही तो विरोध बरोबर वाटतो. शाळेच्या मुळ्याने शाळेचं लाइटबिल भरायचं नसतं. मूल शिकलं का ते बघायचं असतं.

थोडं विषयांतर करतो, पण गोड आहे. जर्मनीत फ्रोबेल नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी १८४० साली लहान मुलांच्या शाळेला नाव दिलं किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. त्यांच्या शाळेत खरोखरची बाग असायची. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा, आणि सगळ्यांचे मिळून काही सामाईक वाफे. आपल्याकडे याच अर्थाचा शब्द रुळला बालवाडी. कोकणातल्या मैत्रिणींना वाडी म्हणजे काय ते सांगायला नको, नारळी-पोफळीची वाडी. वाडी म्हणजे वस्तीही आणि बागही, आमच्या भाषेने दोन्ही अर्थ एका शब्दात ठेवले. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी आली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आदिवासी मुलं गुरं चारायला रानात जायची, म्हणून शाळाच कुरणात भरवली, तिचं नाव कुरणशाळा. पाटीवरच्या झाडाऐवजी समोरचं झाड. आज देशभर अंगणवाडी हा शब्द आहे, १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या सरकारी योजनेने तो घराघरात नेला. शब्दातली वाडी मात्र पुष्कळ अंगणवाड्यांच्या फरशीखाली गेली.

आता आमच्या सानपाड्याकडे येऊ. फरशीखाली काय गेलं ते इथे बघायला मिळतं.

आज तुम्ही लोकलने सानपाड्याला उतरलात तर उंच इमारती, पामबीच रस्ता, पलीकडे बाजार समितीचे ट्रक, असं दिसेल. इथे शेती होती हे सांगूनही पटणार नाही. पण हे आगरी-कोळ्यांचं गाव. खाडीकाठची खारी जमीन, भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेले बांध, त्यांना उघाड्या, आत भाताची शेतं, काठाला मिठागरं आणि खाडीत मासेमारी. बांधाला खांड पडली की सगळं गाव धावायचं, कारण एकदा खारं पाणी शिरलं की शेत नासायचं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी जाऊ लागल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं, १९८४ च्या जानेवारीत जासईच्या भागात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. ही गोष्ट इथल्या प्रत्येक घरात आहे.

त्या घरातली नातवंडं आज शाळेत थर्माकोलच्या खोक्यात मेथी लावतात. आजोबांच्या भाताच्या शेतावर भराव पडला, भरावावर इमारत उभी राहिली आणि इमारतीच्या गच्चीवर नातू अर्धा फूट मातीत मेथी काढतो. आमच्या गटातल्या गावठाणातल्या ताई हे सांगताना हसतात, पण ते हसू साधं नसतं.

शहरात प्रदर्शन भरवण्यामागे एक कायदा आहे, तो फार कमी जणींना माहीत असतो. १९७५ साली महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक महापालिकेत आणि नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं. झाड तोडायची परवानगी मागायला लोक तिथे जातात, तेवढंच आपल्याला ठाऊक. पण झाडं, फुलं, फळं, भाजीपाला यांची प्रदर्शनं भरवणं हेही कायद्याने त्याच प्राधिकरणाचं काम आहे. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाली आणि तिच्या वतीने अशी प्रदर्शनं भरत आली आहेत. म्हणजे प्रदर्शन ही कुणा साहेबांची मेहरबानी नाही, मागून घेण्याची गोष्ट आहे. तुमच्या तालुक्याच्या नगरपरिषदेतही विचारा. विचारल्यावर काही वेळा नुसती भुवई वर जाते, तरी विचारा.

खेड्यातल्या मैत्रिणींना शहरापेक्षा जवळची वाट आहे, ती शाळेच्या ताटातून जाते. १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेतल्या आहाराची योजना सुरू झाली तेव्हा हजेरी भरली की मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा. पिशवीत घरी न्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला की शिजवलेलं अन्न द्या. त्यानंतर चुली पेटल्या आणि पुष्कळ ठिकाणी त्या आपल्या बचत गटांनी पेटवल्या. खिचडी आपण केली, धूर आपण गिळला. तांदूळ आणि डाळ ठरलेली, भाजीचा प्रश्न रोजचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राने शाळांतल्या पोषण-बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात जमीन नसेल तर कुंड्या, डबे, गच्ची वापरा असंही आहे. आपल्या राज्यात शाळांच्या परसबागांच्या स्पर्धा तालुक्याला, जिल्ह्याला होतात, आणि उमेद अभियानाने गटातल्या बायकांसाठी पोषण परसबागेची मोहीम चालवली. वाटा दोन असल्या तरी त्या एकाच पातेल्यापाशी येतात.

या पातेल्यात मुलाने लावलेला पालक पडतो तेव्हा काय होतं ते स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा. घरी हिरवं दिसलं की ताट सरकवणारं पोर, शाळेत मात्र शेजाऱ्याला सांगतं, “आमच्या ओळीचा आहे हा.” आणि संपवतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला, तो गावरान बियाणं जपलं म्हणून. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांचं शिक्षण वडिलांच्या बोलण्यातून आणि परसातून झालं. वालाच्या, घेवड्याच्या किती जाती त्यांनी मडक्यांत राखून ठेवल्या. शाळेच्या वाफ्यासाठी बी बाजारातून पाकीट आणून घ्यायचं की गावातल्या आजीकडून ओंजळभर मागून आणायचं, हा साधा प्रश्न आहे. पण आजीकडे मागायला मूल गेलं की तिला तिच्या आयुष्यात पहिल्यांदा शाळेतून कुणीतरी काही विचारायला आलेलं असतं.

आता बक्षिसाविषयी आमचं मत सांगतो. एका प्रदर्शनात, ते कुठलं ते राहू दे, मुलांच्या भाज्यांचं टेबल मांडवाच्या अगदी टोकाला, जनरेटरशेजारी होतं. दुपारपर्यंत धुराने आणि उन्हाने पालेभाजी माना टाकून बसली. परीक्षक आले, कुंड्यांच्या रंगरंगोटीकडे बघून गेले. प्रमाणपत्रावर शाळेचं नाव, मुख्याध्यापकांचं नाव. ज्या पोरीने सहा आठवडे डब्याने पाणी घातलं तिचं नाव कुठेच नाही. तिची आई आमच्या गटातली. पोरगी काही बोलली नाही, तिने आपला मुळा पिशवीत घालून घरी आणला आणि रात्री त्याची भाजी झाली.

म्हणून आम्ही चार गोष्टी मागतो आणि तुम्हीही मागाव्यात असं वाटतं. कार्डावर मुलाचं नाव असावं, एकत्र लावलं असेल तर सगळ्यांची. परीक्षकांनी मुलाला दोन प्रश्न विचारावेत. बी कुठून आणलं, कीड पडली तेव्हा काय केलं? ज्या मुलाने खरंच लावलंय ते मावा कसा असतो, काळा की हिरवा, कुठल्या पानाखाली बसतो हे भडाभडा सांगतं, आणि ज्याच्यासाठी दुसऱ्याने लावलंय ते आईकडे बघतं. विकतच्या रंगीत कुंडीला गुण नसावेत. जिंकलेल्याइतकंच हरलेल्या वाफ्याचंही ऐकावं, कारण शेतात पीक जातंच, आणि रोप का मेलं हे सांगू शकणारं मूल पुष्कळ शिकलेलं असतं. वही ठेवलेली असेल तर उत्तमच. पेरणीची तारीख, उगवण, पाणी, खत, किती जुड्या निघाल्या. ही वही टेबलावर भाजीच्या शेजारी ठेवावी. जोतीरावांनी पिकाची परीक्षा म्हटलं त्यात नुसतं पिकाचं वजन नव्हतं, शेतकऱ्याचं कसब होतं. आणि मास्तरांनाही विचारावं, तुमचा वाफा कुठला? वाकस धरायला न लाजणारा मास्तर ही अट आम्ही तिथूनच उचलली.

मघाच्या माथाडीताईचं काय झालं ते विचाराल. तिचा राग पूर्ण गेलेला नाही, जायलाही नको. पण तिने मुलाच्या वर्गात जाऊन पाहिलं तेव्हा सोसायटीतल्या डॉक्टरीणबाईंची मुलगी आणि तिचा मुलगा एकाच खोक्यात माती कालवत होते, आणि त्याला ते जास्त जमत होतं. गावी आजोळच्या शेतात तो हे करून आला होता. “माझ्या पोराला वर्गात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, हे कसं करायचं,” एवढंच ती बैठकीत बोलली. इतिवृत्तात आम्ही ते लिहून ठेवलंय.

आता कामाचं. प्रदर्शनं बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत भरतात, थंडीची भाजी तेव्हा भरात असते. तारीख कळली की उलटं मोजायचं. मेथीला महिना पुरतो, पालकाला सव्वा महिना, मुळ्याला दीड महिना. टोमॅटोला मात्र रोप तयार होण्यापासून फळ लाल होईपर्यंत तीन महिने धरा, म्हणजे ते ऑक्टोबरातच पडायला हवं. खारट किंवा भरावाची जमीन असेल तर तिच्या नादी लागू नका. गोणीत, डब्यात, फळांच्या खोक्यात पालापाचोळ्याचं खत, थोडी माती, रसवंतीवरची उसाची वाळलेली चिपाडं बारीक करून भरा, बुडाला भोकं पाडा. माव्यावर निंबोळीचा अर्क. डबे भिंतीच्या सावलीत नको, निदान चार-पाच तास ऊन हवं.

आणि यात एक अडचण हमखास येते, दिवाळीची सुट्टी. ऑक्टोबरात लावलेली रोपं ऐन जोमात येतात आणि शाळेला कुलूप लागतं. पंधरा-वीस दिवस पाणी नाही, परत येऊन बघावं तर वाळलेल्या काड्या. कित्येक शाळांच्या बागा किडीने मरत नाहीत, सुट्टीने मरतात. आमच्या गटाने यंदा त्याच्या पाळ्या लावल्या आहेत. रोज दोघी, सकाळी सातच्या आत, फराळाची कढई चढवायच्या आधी. भाऊबीजेच्या दिवशी कोण जाणार यावर बरीच ओढाताण झाली, शेवटी ज्यांचे भाऊ इथेच गावठाणात राहतात त्या दोघींनी तो दिवस घेतला. फाटकाची एक किल्ली शाळेच्या शिपाईदादांनी गटाकडे द्यायचं कबूल केलंय.